मामी मागे का बसायची

मामी कायम मागच्या सीटवर बसायची. पुढे मामा एकटेच स्टिअरिंग धरून, त्यांच्या शेजारची सीट रिकामी, आणि बरोबर त्यांच्या पाठीमागे मामी. मांडीवर पिशवी, पिशवीत मटाराच्या शेंगा. बाजारातून घरी येईपर्यंत तिच्या अर्ध्या शेंगा सोलून झालेल्या असायच्या. रिकामटेकड्या गल्लीने तिचं नाव मालकीणबाई ठेवलं होतं. "निघाल्या मालकीणबाई ड्रायव्हर घेऊन," कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. नवरा-बायकोचं पटत नाही म्हणून ती मागे बसते, असंही एक मत होतं. एका शहाणीने तर मला विचारलं, "तुझ्या मामांच्या अंगाला वास येतो का गं?" मी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

खरं कारण साधं होतं. मामांना ऐकू येत नव्हतं, आणि मामी मागे बसून त्यांच्यासाठी ऐकायची.

मामांनी सगळी नोकरी पत्र्याच्या पिंपांच्या कारखान्यात काढली. तेलाची, रंगाची पिंपं पोचे पडून परत यायची, ती ठोकून सरळ करायची हे त्यांचं काम. एक हात बाहेरून पिंपावर फिरवायचा, पोचा कुठून कुठवर आहे ते तळहाताला कळू द्यायचं, आणि दुसऱ्या हातातल्या हातोड्याने आतून ठोकायचं. डोकं अर्धं पिंपात. तिथल्या जुन्या कामगारांत धड कानाचा माणूस सापडणं कठीण. जेवणाच्या सुट्टीत सगळे एकमेकांवर ओरडायचे, कुणालाच काही कळायचं नाही, तरी गप्पा मात्र रंगायच्या. तिथेच त्यांचं नाव ठोकेमामा पडलं. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भेट काय द्यावी? गजराचं घड्याळ. मामी हसून हसून लोळली होती. मग तिने ते तसंच बांधून दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं.

कानाचं गेलं ते मामांच्या तळहातात आलं, असं मामी म्हणायची. भिंतीवर हात ठेवून ते वरच्या टाकीत पाणी चढतंय की नाही ते सांगायचे. मी कपडे शिवते, तर माझ्या मशीनवर एकदा हात ठेवला आणि म्हणाले, "खालचा दांडा घासतोय, तेल घाल." मला वाटलं, झालं, आता मशीनही शिकवणार. उघडून बघितलं तर खरंच घासत होता. त्यांच्या मुलीने त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते त्यांनी दोनदा घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. "यातून सगळं जग पत्र्यावर चालल्यासारखं वाटतं," म्हणाले. त्यापेक्षा माणसाचं तोंड बघून बोलणं ओळखायचे. मामी त्यांच्याशी समोर येऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायची. लोकांशीही तिला तशीच सवय लागली होती, त्यामुळे ती फार विचारी बाई वाटायची. प्रत्यक्षात तिच्याइतकी चहाटळ बाई मी पाहिली नाही.

तर गाडी. जुनी, दुसऱ्याची वापरलेली, मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर घेतलेली. या गाडीचा पेट्रोलचा पंप मागच्या सीटखाली, टाकीच्या आत बुडलेला. चावी अर्धी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद 'घूं' करतो, पेट्रोल पुढे ढकलतो आणि गप्प होतो. मग सेल्फ मारायचा. नव्या गाडीत थांबलं नाही तरी चालतं. या गाडीत रात्रभरात नळीतलं पेट्रोल परत टाकीत उतरायचं, म्हणून थांबायलाच लागायचं. घाई केली की नुसता सेल्फ रडत बसायचा. मामांना तो आवाज येणार कसा? म्हणून मामी मागे. 'घूं' थांबलं की ती त्यांच्या खांद्यावर एक थाप मारायची, की मामा गाडी सुरू करायचे. रस्त्यात मागून कुणी हॉर्न दिला तर दोन थापा. आणि आख्खा हात खांद्यावर दाबला तर थांबा. दोघांची ही भाषा मला कितीतरी वर्षांनी कळली, तीही मी एकदा पुढे बसले आणि मामीने चुकून माझ्याच खांद्यावर थाप मारली म्हणून.

गेल्या थंडीत मामी गेली. सकाळी मामांनी मला बोलावलं, मी दोन गल्ल्या ओलांडून धावत गेले, तेव्हा ती अंथरुणावर नीट झोपलेली होती, पांघरूण छातीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, हृदय, पहाटे केव्हातरी. मग सगळ्यांनी तेच धरलं. झोपेत गेली, भाग्याची, काही कळलंसुद्धा नसेल. मामांना तोंडासमोर येऊन सगळ्यांनी हेच सांगितलं. मामा प्रत्येकाच्या ओठांकडे बघायचे आणि मान हलवायचे.

त्यांची मुलगी चिमी, माझी मामेबहीण, दुसऱ्या शहरात दवाखान्यात नर्स आहे. नवरा लांबच्या फेऱ्यांच्या ट्रकवर, घरी छोटी, नुकती बोलायला लागलेली. चिमीला रात्रपाळ्या असतात आणि छोटीला दर वेळी शेजारणीकडे झोपवायचं म्हणजे मिनतवाऱ्या. तिने मामांना सांगितलं, बाबा, तुम्ही इथे एकटे राहू नका, माझ्याकडे चला. तुमची खोली तयार आहे, छोटी तुमच्याजवळ झोपेल, मलाही घोर नाही. यात वाईट काय होतं? म्हातारा माणूस, लेक बोलावतेय, नात आहे. पण मामा 'नाही' म्हणाले आणि 'नाही'लाच धरून बसले. विचारलं तर सांगायचे, माझं घर आहे, माझी गाडी आहे, मला काय धाड भरलीय. चिमी रडली, चिडली, मला मध्ये घातलं. मी बोलून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मला राग आला तो आला, मी दोन दिवस त्यांच्याकडे गेलेच नाही.

शेवटी चिमीने त्यांना मोबाइलवर लिहून पाठवलं. मामा मेसेज वाचतात, लिहीत नाहीत, त्यांची बोटं तीन अक्षरांवर एकदम पडतात. तिने लिहिलं होतं, रविवारी येते, बस स्टँडवर तुम्ही स्वतः गाडी घेऊन मला न्यायला या. एकटे. आलात तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही आलात तर बॅग भरायची. मामांनी मला वाचायला दिलं आणि म्हणाले, "लिही. कबूल."

आणि त्याच आठवड्यात गाडी बंद पडली.

सकाळी चावी फिरवली, सेल्फ फिरतोय, गाडी काही घेत नाही. मामांनी मला बोलावलं, चावीपाशी बसवलं आणि स्वतः गाडीखाली सरकले. रबरी हातोड्याने टाकीच्या बुडाला खालून ठोकायला लागले. अडकलेला पंप कधीकधी असा जागा होतो म्हणे. एकदा झाला. गाडी खोकली, सुरू झाली, मी आनंदाने हात हलवला, मामा खालून निघून स्टिअरिंगवर बसले, आणि ती गल्लीच्या तोंडापर्यंतही न जाता मेली. मग मामांनी दोन तारा लावलेला छोटा बल्ब आणून पंपाच्या तारेला लावून बघितला. बल्ब पेटला. "वीज पोचतेय," ते म्हणाले. "पंपच गेला."

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे आम्ही दोघं गेलो. पंप त्याच्याकडे होता. तो देता देता म्हणाला, "मामा, जायचाच होता तो. महिनाभर नुसता कोकलत होता. तुमची गाडी तिकडून निघाली की मला इथे कळायचं. मला वाटलं, म्हणतील बदलू कधीतरी." मामांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना नीट कळलं नव्हतं. मी समोर उभी राहून सांगितलं, पंप महिनाभर ओरडत होता. गॅरेजवाला पुढे म्हणाला, "टाकी रिकामी ठेवून फिरवली असणार. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असला की थंड राहतो. पूर्वी मामी न चुकता टाकी भरायला लावायच्या."

हे खरं होतं. मामी गेल्यावर मामा रोज गाडी काढायचे. कुठे जायचे, कुणाला माहीत नाही. जायचे आणि यायचे. काटा तळाला लागलेला.

येताना मी समोरच्या घरातल्या बाईला विचारलं, गाडीचा आवाज येत होता का हो? "येत होता की," ती म्हणाली. "किती दिवस! आम्हाला वाटलं, मामांना माहीत असेल." शेजारच्यानेही तेच सांगितलं. सगळ्या गल्लीने महिनाभर ऐकलं आणि प्रत्येकाला वाटलं, माहीत असेल. बहिऱ्या माणसाला आवाज माहीत असेल! धड कानांची एवढी माणसं, आणि एकाचीही जीभ उचलली नाही. मी तोंडाला येईल ते बोलणार होते, पण मामांनी माझा दंड धरला आणि चला म्हणून खूण केली.

काम त्यांनी घरासमोरच काढलं. मोकळ्या हवेत, चारी दारं उघडी, बाजूला वाळूची बादली. बॅटरीची तार सोडवली. गॅरेजवाला करून द्यायला तयार होता, पण मामा ऐकेनात. माझं काम होतं हातात वस्तू देणं आणि समोर तोंड करून बोलणं.

मागची सीट वर उचलली. खाली मटाराचे वाळलेले दाणे सापडले. बरेच होते, काचेच्या मण्यांसारखे कडक झालेले, सीटच्या फटीतून कधीकधी घरंगळलेले. मामांनी ब्रश मागितला. झाकणाभोवतीची धूळ आधी साफ करावी लागते, नाहीतर झाकण उघडलं की टाकीत पडते. त्यांनी धूळ झाडली, पण दाणे हाताने एकेक वेचले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले.

पंपाच्या तोंडावर एक मोठी गोल कडी घट्ट बसवलेली असते, ती ठोकून फिरवायची. लोखंडाने ठोकलं तर ठिणगी पडायची भीती, म्हणून लाकूड लागतं. मामा स्वयंपाकघरात गेले आणि मामीचं लाटणं घेऊन आले. "मामी असती तर हेच लाटणं तुमच्या डोक्यात बसलं असतं," मी म्हणाले. ते हसले. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असतील. लाटण्याचं एक टोक कडीच्या खाचेत धरलं, वरून लाकडाचा ठोकळा मारायला लागले. ठोकण्याचं काम त्यांना नवीन नव्हतं. कडी थोडी थोडी सरकत गेली.

मग अचानक त्यांचा हात थांबला.

"तुला एक सांगतो," ते म्हणाले. "कुणाला बोलायचं नाही."

मामांना कुजबुजता येत नाही. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटतं आणि चौथ्या घरात ऐकू जातं. मी खूण करणार होते, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांची नजर त्या कडीवर होती.

"ती झोपेत गेली नाही."

समोरची बाई दारात झाडत होती. तिचा झाडू थांबला.

"सकाळी उठलो तेव्हा तिच्या बाजूला पेला पडलेला होता. स्टीलचा. पाणी सांडलेलं. झोपेत गेलेलं माणूस पेला पाडतं का? ती अर्धी उठलेली होती, एक हात खाली लोंबत होता. मी तिला नीट झोपवली. पेला उचलून ठेवला, फरशी पुसली, मग तुला बोलावलं."

मी त्यांच्यासमोर गेले, वाकून त्यांना माझं तोंड दिसेल असं केलं. म्हटलं, "मामा, झोपेत हात लागला असेल."

"असेल," ते म्हणाले. "पण आवाज तर झाला असेल ना? फरशीवर स्टीलचा पेला पडला की केवढा आवाज होतो, सांग बरं. मला आता आठवतसुद्धा नाही. खूप होतो?"

"होतो थोडा," मी म्हणाले. स्टीलचा पेला पडला की झोपलेलं घर दचकून उठतं, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

"तिने आधी हाक मारली असेल. मग पेला पाडला असेल. मी तिकडे पाठ करून झोपलो होतो. आता बघ, पंप महिनाभर ओरडला. सगळ्यांना ऐकू आला. फक्त मला नाही." त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं. "आणि चिमी म्हणते, छोटीला माझ्याजवळ झोपवून कामावर जाईन. एवढंसं पोर. रात्री घसा दाटला, ताप चढला, आजोबा म्हणून हाक मारली तर? मी पाठ करून घोरत पडेन. नको गं. इथेच बरं आहे. इथे मला हाक मारणारं कुणी नाही."

मला एकदम सगळं कळलं. घर, गाडी, काय धाड भरलीय, सगळी वरवरची कारणं. माझ्या रागाची मला लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं. "मग हे चिमीला सांगा ना," मी म्हणाले.

"सांगायचं म्हणजे पेल्याचंही सांगावं लागेल. तिची आई झोपेत गेली. तिला तसंच राहू दे."

समोरची बाई झाडू घेऊन आत गेली आणि तिने दार हळूच लावून घेतलं. मी मान वर करून बघितलं तर गल्लीत कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. एक सांगते, त्या दिवसानंतर त्या गल्लीत कुणी मालकीणबाई हा शब्द उच्चारला नाही.

मामांनी पुन्हा लाटणं उचललं. कडी निघाली. पंपाचा सांगाडा त्यांनी तिरका करून, आतला तरंगणारा दांडा वाकू न देता, अलगद वर काढला. पेट्रोलच्या वासाने माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते बरंच झालं. तळाची जाळी काळी पडली होती. जुना पंप त्यांनी सोडवला, पुसला आणि तळहातावर धरून बसले. किती हलका होता. मग नवा बसवला, नवी जाळी, नवं रबर. रबर नीट बसलं का ते डोळ्यांनी बघितलं नाही, बोट फिरवून बघितलं. कडी परत ठोकली. नळी, तारा, बॅटरी.

"मागे बस," ते म्हणाले. "कुठे गळतंय का बघ."

सीट अजून बसवली नव्हती. मी उघड्या झाकणाजवळ उकिडवी बसले. मामांनी चावी फिरवली. घूं. अगदी बारीक, स्वच्छ आवाज, आणि मग थांबला. कुठे थेंबसुद्धा नव्हता. "वाजला, वाजला," मी म्हणाले. मामा हललेच नाहीत. त्यांची पाठ माझ्याकडे, दोन्ही हात स्टिअरिंगवर, खांदे थोडे वर आलेले. तेव्हा मला सुचलं. मी हात लांब करून त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली. त्यांचे खांदे खाली आले आणि त्यांनी सेल्फ मारला. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

तोवर गॅरेजवाला बघायला आलाच होता. दारात वाकून मामांना म्हणाला, "थाप कशाला लागते मामा? मनात तीन म्हणायचं आणि सेल्फ मारायचा. झालं."

"ठाऊक आहे," मामा म्हणाले. "एकटा असलो की तसंच करतो."

तो गेल्यावर मी विचारलं, मग मामीला इतकी वर्षं मागे का बसवलं? मामा हात पुसत होते. "ती म्हणाली, मी मागे बसून ऐकते. मी नको कशाला म्हणू?"

रविवारी त्यांनी टाकी काठोकाठ भरली आणि एकटे गेले. मी त्यांच्या घरी जेवण करून ठेवलं आणि खिडकीत उभी राहिले. मला काय वाटत होतं म्हणाल तर, गाडी बंद पडावी असंही वाटत होतं आणि पडू नये असंही. गाडी आली. पुढच्या सीटवर मामांची हत्यारांची पेटी होती, त्यामुळे चिमी मागून उतरली. छोटीला तिने शेजारणीकडे ठेवलं होतं.

जेवण वाढताना स्वयंपाकघरात चिमी मला म्हणाली, "बाबांचं काहीतरी होतंय गं. स्टँडवर मी गाडीत बसले, त्यांनी चावी फिरवली आणि बसून राहिले. मागचे हॉर्न मारतायत, हे ढिम्म. मी विचारलं काय झालं, ऐकूच गेलं नाही. मग मी खांद्याला हात लावला तर लगेच निघाले. आईसुद्धा निघताना अशी थाप मारायची ना? मला वाटायचं, ती 'चला' म्हणतेय."

"तसंच काहीतरी," मी म्हणाले आणि पाणी प्यायला मागे वळले.

चिमीने शब्द पाळला. विषय काढला नाही. निघताना बापाच्या गळ्यात पडली, बसमध्ये खिडकीशी बसली, बस वळेपर्यंत हात हलवत राहिली. मामा जिंकले. असा जिंकलेला माणूस मी दुसरा बघितला नाही. घरी येऊन त्यांनी सकाळचाच भात उभ्याने खाल्ला आणि दार लावून घेतलं.

मग काही दिवसांनी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. दार उघडं, घरात कुणी नाही. बघते तर मामा गाडीत. मागच्या सीटवर, मामीच्या जागी. पाय जवळ घेऊन बसले होते, तीही अशीच बसायची.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "जरा चावी फिरव. सेल्फ नको मारू."

मी डबा टपावर ठेवला, पुढे वाकून चावी फिरवली. घूं. थांबला.

"पुन्हा."

पुन्हा फिरवली.

"पुन्हा."

दोन-तीनदा झालं तशी मी वैतागले. मागे वळून म्हटलं, "मामा, काय चाललंय हे?"

त्यांचा तळहात त्यांच्या बाजूला सीटवर पसरलेला होता, बोटं फाकलेली. ते पिंपावर ठेवायचे तसा.

"कळतंय गं," ते म्हणाले. "इथे हात ठेवला की कळतंय. सुरू झाला, थांबला. ऐकायला लागतच नाही. सीटमधून हाताला येतंय."

मी चावी सोडली.

"मी इतकी वर्षं पुढेच बसलो," ते म्हणाले. "इथे कधी बसलोच नाही." ते हाताकडे बघत होते. "तिच्या अंगावर नुसता हात ठेवून झोपलो असतो, तर मला कळलं असतं. ती उठायला लागली असती, हात हलला असता. कान कशाला पाहिजे होते? मी पाठ करून झोपलो."

झोपेत गेली, हे आता मलाही म्हणता येत नव्हतं. मी मागचं दार उघडलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते रडत होते, आणि त्यांचं रडणं किती मोठ्याने येतंय हे त्यांना कळत नव्हतं. गल्लीत कुणी बाहेर आलं नाही.

मग त्यांनी सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "चिमीला फोन लाव," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"येतो म्हणावं."

मी फोन लावला. चिमीला आधी खरं वाटेना, मग ती हसायला लागली, मग तिचा आवाज भरून आला. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ती खूश आहे म्हणून खूण केली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आणि सांग, छोटीची खाट माझ्या खाटेला चिकटवून ठेव. मध्ये फट नको. हात पोचला पाहिजे."

मी सांगितलं. चिमीने विचारलं, "खाट कशाला चिकटवायची? छोटीला वेगळं झोपायची सवय आहे."

मामांचा हात अजून सीटवर होता.

"ठेव म्हणतात तर ठेव," मी म्हणाले.